एका उन्हात

अमेरिकेतल्या आमच्या चँडलर शहरात तेव्हा जो तो दुसरं घर घेत होता, म्हणून मीही वाळवंटातली एक स्वस्त जागा बघायला निघालो. रस्ता चुकलो आणि कच्च्या वाटेच्या टोकाला, एका पत्र्याच्या घरापुढे, खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या दिसल्या. शेजारी साडीवर काउबॉय हॅट घातलेल्या एक काकू काठी घेऊन राखण करत होत्या. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

त्यांनी आधी चपला झटकल्या, आत विंचू नाही हे बघून पायात घातल्या आणि मला पाणी आणून दिलं. अर्धाच पेला.

"टँकरने आणावं लागतं," त्या म्हणाल्या. "वीज सोलरची. ढग आले की फ्रिज बंद. दवाखाना पार तिकडे, गावात."

"मग इथे का राहता, काकू?"

"मुलाच्या ड्राइव्हवेवर पापड घातले, तर असोसिएशनची नोटीस आली. कॉलनीची शोभा जाते म्हणे. म्हटलं, ठेवा तुमची शोभा. पाटल्या मोडल्या अन् हे घेतलं."

"मुलगा काय म्हणतो?"

"'आई, यू आर क्रेझी' म्हणतो. जाताना डबा भरून नेतो."

मी ऊन टाळायला दिवसभर एसीत बसणारा माणूस. या बाईंनी ऊनच विकत घेतलं होतं.

त्यांनी एक कुरडई उचलून माझ्या कानाजवळ मोडली. कट् असा आवाज आला.

"सकाळी घातली होती. एका उन्हात वाळली," त्या हॅट सारखी करत म्हणाल्या. "आमच्या नागपूरला भर मे महिन्यात दोन लागायची."