वास नसलेला वायू

आमच्या बांडुंगच्या प्रयोगशाळेत पाक वागिमान (आमच्यात मानाने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू') नारळाच्या करवंट्यांचा कोळसा कुटायचा, चाळायचा, धुवायचा. या कोळशाला अंगभर बारीक छिद्रं असतात. तो ओला करून आम्ही थंडगार भांड्यात भरायचो आणि वरून कार्बन डायऑक्साइड दाबाने सोडायचो. छिद्रांतलं पाणी वायूला पोटात घेऊन बर्फासारखं गोठायचं. असा तो वायू कोंडून ठेवायचा, हाच आमचा धंदा.

माणूस कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ. त्याच्या डोंगरातल्या गावात हाच वायू जमिनीतून निघतो आणि जड असल्याने खळग्यांत साचतो. बटाटे काढायला खळग्यात उतरलेली त्याची बायको सुमीराह तिथेच गेली. वरच्या बांधावर असलेली दहा वर्षांची निंगसी वाचली. बाप खाली धावला, तर पोरीने त्याच्या पायांना मिठी मारून त्याला पाडलं. तोवर माणसं जमली आणि त्याला धरून ठेवलं.

"तिने अडवलं नसतं, तर मी सुमीराहला वर काढली असती," एवढंच तो मला एकदा बोलला होता. आईनेच ओरडून पळायला सांगितलं, असं पोर म्हणायची. त्यापुढे बाप तिला बोलूच द्यायचा नाही. गावही म्हणे, या वायूला वास नाही, कळायच्या आत माणूस आडवा होतो. मग आई ओरडेल कशी? पोर खोटारडी ठरली. तिला मावशीच्या पदरात टाकून बापाने शहर गाठलं. मला त्याची कीव यायची आणि संतापही. दुःख याचं, शिक्षा पोरीला!

माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी आमच्यात कबरीवर दगड बसवतात. तो दिवस जवळ आला तशी मावशी निंगसीला घेऊन थेट प्रयोगशाळेतच आली.

"दगड तुमच्या हातून बसायला हवा, भावजी."

"तुम्हीच बसवा." त्याने कुटणं थांबवलं नाही.

"वा! बायको तुमची, आणि दगड आम्ही वाहायचा? कोळशाला तरी काही वाटत असेल!"

पोर मान खाली घालून उभी. तिचं मन रमावं म्हणून मी नुकत्याच उघडलेल्या भांड्यातलं चमचाभर गोठलेलं वाटीत काढून तिच्यापुढे धरलं. "बघ, कसं चुरचुरतंय." तिने वाकून श्वास घेतला आणि झटक्यात मागे सरली.

"हेच! बांधावरून वाकले तेव्हा असंच नाकात झोंबलं होतं. खाली आई खोकली, मग ओरडली..."

बत्ता थांबला. वागिमानने माझ्याकडे पाहिलं. "बू, याला वास नसतो ना?"

"वास नसतो. पण दाट असला की नाकाला झोंबतो. पडण्याआधी एखादी हाक मारता येते, पाक."

तो वाटीवर वाकला आणि छातीभर श्वास ओढला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"काय ओरडली ती?" त्याने पोरीला विचारलं.

"पळ म्हणाली. आणि म्हणाली, बाबांना खाली येऊ देऊ नकोस."

मावशीने तोंडाला पदर लावला. वागिमान पोरीसमोर खाली बसला.

"मी तुला तेव्हा मारलं होतं," तो म्हणाला. "पाय सोडवायला. तोंडावर मारलं होतं."

"हो," निंगसी म्हणाली. "पण मी सोडलं नाही."