पितळी नोझलची चोरी

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली आहेत, पण विरार पश्चिमेच्या एका इमारतीचा काळा पडलेला जिना मला अजून स्वच्छ दिसतो. नावे कुणाचीच सांगणार नाही. ती माणसे आजही तिथेच राहतात, आणि झाले गेले त्यांच्यापुरते मिटले आहे.

रविवारची दुपार होती. मी विरार पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आगाशी रोडला सात मजली बिल्डिंगमध्ये आग लागलीय. माणसं वर अडकलीत." आम्ही पोहोचलो तेव्हा अग्निशमन दलाची गाडी फाटकाबाहेरच थांबली होती. आत जायच्या वाटेवर रहिवाशांच्या मोटारी उभ्या होत्या. आमच्या शिपायांनी आधी त्या मोटारी ढकलून बाजूला केल्या. आग विझवणे आमचे काम नाही, पण अशा वेळी रस्ता मोकळा करणे हे मोठे काम असते.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात पलंगावर इस्त्री चालू राहिली होती. गादी पेटली, मग पडदे. घरची माणसे जीव घेऊन बाहेर पळाली आणि दार सताड उघडे राहिले. तो सगळा धूर जिन्यात भरला. वरच्या मजल्यांवरचे लोक घाबरून खाली यायला निघाले असते तर त्या धुरातच पडले असते. त्यांना अडवले पाचव्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने. वसईच्या, बागायती वाडी असलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबातल्या त्या बाई, सगळी इमारत त्यांना टीचर म्हणायची. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून लोकांना परत पाठवले. मी खाली उभा होतो तेव्हा त्यांचा आवाज गॅलरीतून स्पष्ट ऐकू येत होता.

"खाली कुणी जायचं नाही. दार लावून घ्या, फटीत ओला टॉवेल घाला आणि गॅलरीत येऊन उभे राहा. मला सगळे दिसायला पाहिजेत."

नंतर मी त्यांना विचारले, एवढे कसे सुचले. त्या म्हणाल्या, "शाळेत दर वर्षी मुलांकडून हेच करून घ्यायचे. मुलं हसायची, मी तरी करून घ्यायचे."

जवानांनी आग आटोक्यात आणली. धूर ओसरल्यावर एकेक कुटुंबाला खाली उतरवले. सगळे सुखरूप होते. भाजला तो एकच जण, पेटलेल्या घरासमोर राहणारा साताऱ्याकडचा तरुण. बँकेत नोकरीला होता. त्याने मजल्याचा मेन स्विच पाडला, भिंतीवरचा लाल सिलिंडर काढून खटका दाबला, तर त्यातून नुसती फुस्स हवा आली. मग त्याने पाइपाच्या पेटीची काच फोडली, पाइप ओढला आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाणी त्याच्याच पायाशी सांडले. पाइपाच्या तोंडाला पितळी नोझल लावतात, त्यातून पाण्याची लांब धार निघते. ते नोझल पेटीत नव्हतेच. तरी तो शेजारच्या आजींना घराबाहेर काढायला आत गेला आणि दोन्ही हात भाजून घेतले.

पंचनामा करताना मी प्रत्येक मजल्यावरची पेटी पाहिली. सगळीकडे तोच प्रकार. पाइप नीट गुंडाळलेला आणि त्यामागे नोझलची जागा रिकामी. काचेतून बघणाऱ्याला वाटावे, सगळे जागच्या जागी आहे.

सोसायटीच्या मंडळींचा संशय लगेच रात्रपाळीच्या वॉचमनवर गेला. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, बाहेरचा माणूस तोच एक. त्यानेच विकले असणार." आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ तक्रारींत संशयित वॉचमन किंवा मोलकरीण असते, हे मी नोकरीभर पाहिले. वॉचमनला बोलावून मी त्याचा जबाब घेतला. तो घाबरला होता, पण त्याच्या बोलण्यात फरक पडत नव्हता. शिवाय एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. तरुणाने फोडलेली एक पेटी सोडली तर बाकी सगळ्या पेट्यांच्या काचा शाबूत होत्या आणि कुलपे लागलेली होती. म्हणजे ज्याने नोझल नेली त्याच्याकडे किल्ली होती.

"किल्ली कुणाकडे असते?" मी सेक्रेटरींना विचारले.

"माझ्याकडेच. कुणालाच देत नाही."

"कुणालाच नाही?"

त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा चाचपला. "सर्व्हिसिंगवाल्याला देतो. तो तपासणीला येतो तेव्हा."

हा सर्व्हिसिंगवाला पूर्वी अग्निशमन साहित्याच्या एका एजन्सीत तंत्रज्ञ होता. एजन्सीने त्याला कधीचेच काढून टाकले होते. तो मात्र जुनाच गणवेश घालून सोसायट्यांमध्ये येत राहिला. सिलिंडरवर नवे स्टिकर चिकटवायचा, पेट्या उघडून पुसायचा आणि चहा घेऊन जायचा. त्याच्या मागे उभे राहून कुणी बघत नव्हते. गणवेश आणि लाल पिशवी एवढीच त्याची ओळख होती. फोन बंद, जुन्या पत्त्यावर कुलूप. तपास तिथे अडला.

मग वसईजवळच्या वालीवहून फोन आला. पितळेचे नळ ओतणारा एक छोटा कारखानदार बोलत होता. "साहेब, पेपरात तुमच्या आगीची, नोझल गायब असल्याची बातमी वाचली. माझ्याकडं भंगारवाल्याकडून जे पितळ येतं ना, त्यात दोन-तीन वेळा तसले नोझल आले. मी पहिल्यांदा वितळवले, खोटं कशाला बोलू. काल परत आले तेव्हा बाजूला ठेवलेत. माझी पण फॅमिली सहाव्या माळ्यावर राहते."

आम्ही भंगारवाल्याला गाठले. तो म्हणाला, माणूस गणवेशात येतो, सर्व्हिसिंगमधले जुने सामान आहे सांगतो. पुढचे काही दिवस दोन हवालदार साध्या वेशात त्या गल्लीत बसले. एका सकाळी स्कूटर आली. लाल पिशवी पुढ्यात होती. पिशवीत नोझल होते.

चौकशीला मी स्वतः बसलो. पस्तिशीचा, नीटनेटका, शांत माणूस होता. त्याचे उत्तर तयार होते. "साहेब, हे जुने आहेत. सोसायट्या बदलून घेतात, जुने मला देतात."

"कुठल्या सोसायट्या?"

"आठवत नाही."

हे तासभर चालले. आवाज चढवून अशी माणसे बोलत नाहीत, उलट आणखी घट्ट होतात. ज्या इमारतींत त्याने हात मारला होता त्या शोधणे मला गुन्ह्यापेक्षा तातडीचे वाटत होते, कारण तिथल्या लोकांना आपल्या पेट्या रिकाम्या आहेत हे ठाऊकच नव्हते. मी विषय बदलला. घरी कोण असते, विचारले. आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. विरार पूर्वेला चौथ्या मजल्यावर भाड्याचे घर.

"तुझ्या बिल्डिंगमध्ये आहेत का रे नोझल?"

त्याने नजर खिडकीकडे वळवली.

"चल, बघून येऊ," मी म्हणालो आणि उठलो.

जीप पुलावर आली तेव्हा तो मागच्या बाजूने हळू आवाजात बोलला. "साहेब, तिथं नको. तिथलेही मीच काढलेत."

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. मग तो म्हणाला, "आमच्याकडं आग लागेल असं कधी मनातच आलं नाही."

मला त्याचा राग आला होता, पण तो म्हणाला ते एकट्या त्याचे नव्हते. फाटकात मोटारी लावणाऱ्यांच्या मनातही तेच होते, आणि न बघता किल्ली देणाऱ्या सेक्रेटरींच्याही.

त्यानंतर त्याने काही लपवले नाही. नावे त्याला खरेच आठवत नव्हती, खुणा आठवत होत्या. मोराचे फाटक असलेली, मेडिकलच्या वरची, पिंपळासमोरची. पोलीस कोठडीत असताना आम्ही त्याला जीपमधून बोळिंज, नालासोपारा, वसई असे फिरवले आणि तो बोट दाखवत गेला. प्रत्येक ठिकाणी सेक्रेटरी आधी म्हणायचे, "आमच्याकडं सगळं ओके आहे साहेब." मग पेटी उघडायची आणि ते किल्ली घेऊन पुढच्या मजल्याकडे धावायचे.

भंगारवाल्याकडे बरीच नोझल शिल्लक होती. ती आम्ही जप्त केली, आणि तिथे नवाच पेच पडला. जप्त केलेला माल म्हणजे मुद्देमाल. खटला संपेपर्यंत तो ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत सीलबंद राहतो. म्हणजे चोर सापडला, माल सापडला, तरी इमारती उघड्याच. मी वसई न्यायालयात अर्ज केला की फोटो आणि पंचनामा करून हा माल सोसायट्यांना सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा न्यायालयात हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत द्यावा. सरकारी वकिलांना वाटले, एवढ्याशा वस्तूंसाठी कशाला. न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला, "या क्षणी त्या इमारतींत माणसं राहतायत?" मी हो म्हणालो. त्याच दिवशी आदेश झाला.

नोझल वाटायला सोसायट्यांचे लोक ठाण्याच्या आवारात जमले, तेव्हा टीचर आल्या होत्या. बरोबर तो साताऱ्याचा तरुण होता, हातांना अजून पट्ट्या. टीचर म्हणाल्या, "साहेब, वस्तू देऊन काय होणार? लावता कुणाला येते इथे?" खरेच कुणाला येत नव्हते. मग अग्निशमन केंद्रातून दोन जवान बोलावले आणि आवारातच पाइप जोडून दाखवला. सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते कसे बघायचे, आग लागलेल्या घरातून निघताना दार का ओढून घ्यायचे, लिफ्ट का वापरायची नाही, एकेक सांगितले. तरुणाने पट्ट्या बांधलेल्या हातांनी नोझल बसवून दाखवले, तेव्हा मागे कुजबुजणारे पुढे येऊन बघू लागले. पुढे टीचरनी आपल्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेनंतर फादरना सांगून हीच माहिती द्यायला लावली. आगाशीच्या देवळातल्या मंडळानेही यासाठी एक रविवार दिला. पोलिसांनी पत्रके वाटली असती तर एवढे झाले नसते.

आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या बायकोची. नवरा कोठडीत असतानाच ती ठाण्यात आली. आम्हाला वाटले, सोडा म्हणायला आली असेल. ती म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमधले सिलिंडरही त्यांनीच भरलेले दाखवलेत. ते रिकामे आहेत. तुम्ही कुणाला तरी पाठवाल का? मी लोकांना सांगितलंय."

"तुम्ही सांगितलंत?"

"हो. घराघरांत जाऊन सांगितलं."

मी हवालदाराला घेऊन तिच्याबरोबर गेलो. काही शेजाऱ्यांनी तिला घर रिकामे करायला सांगितले होते. त्यांच्यासमोरच ती एकेक सिलिंडर काढून देत होती, तिची मुलगी दाराआडून बघत होती. शेवटी तळमजल्यावरच्या एका काकूंनी सगळ्यांना सुनावले, "तिनं सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं का?" घर रिकामे करायचा विषय तिथे संपला.

पुढच्या वर्षी, नोझल परत मिळालेल्या नालासोपाऱ्यातल्या एका इमारतीत मीटरजवळ ठेवलेले पुठ्ठे पेटले. रहिवाशांनी आधी वीज तोडली, कोरड्या पावडरचा सिलिंडर वापरून आग विझवली आणि म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या जिन्याने खाली आणले. अग्निशमन दलाच्या गाडीला आत जायला वाट मोकळी होती. ठाण्यात त्याची नोंद चार ओळींची झाली. माझ्या नोकरीतली ती मला सर्वांत आवडलेली नोंद.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे, की चोर पकडून पोलिसांचे काम संपते, लोकांचे तिथून सुरू होते. पेटी उघडून बघायला पोलीस लागत नाहीत. निवृत्तीच्या आधी मी आरोपीच्या बायकोला एकदा स्टेशनजवळ भेटलो. ती एका दवाखान्यात काम करू लागली होती. मी विचारले, त्या दिवशी शेजाऱ्यांच्या दारात उभे राहताना भीती नाही वाटली?

"वाटली ना साहेब," ती म्हणाली. "पण खरंच आग लागली असती, तर मला त्यांचंच दार वाजवायला लागलं असतं."