त्रिनिदादची परेड आणि चौथी पायरी

खालच्या दुकानातला इब्राहिम जिना चढून वर आला आणि म्हणाला, "सेठ, तुमचा त्रिनिदादवाला वारला." मी ताका गुंडाळत होतो. मान वर न करता म्हणालो, "माझा कसला? तुझं गिऱ्हाईक होतं ते." ... सहा आठवडे झाले, ते वाक्य गिळता येत नाही.

हा त्रिनिदादवाला, केल्विन, इथे बहरीनमध्ये ईसा टाउनच्या एका शाळेत संगीत शिकवायचा. त्याचे पणजोबा हिंदुस्थानातून त्या बेटावर ऊस तोडायला गेलेले; आजोबांना तोही 'आजा'च म्हणायचा. बाब अल बहरीन या वेशीमागच्या बाजारात पहिल्या मजल्यावर माझं कापडाचं दुकान. त्याच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला तो हमखास यायचा. लाल, पांढरं, काळं कापड घ्यायचं, झेंडा दरवर्षी नवा आणि आपल्या हाताने शिवायचा, हा त्याचा नेम. "हा लाल आहे की विटकरी?" तो खोडी काढायचा. "डोळे तपासून ये!" मी ओरडायचो. शेवटी दोघांपैकी कुणीतरी "खलास!" म्हणायचं आणि वाद मिटायचा. मग दुपारी तीनला, बाजार झोपलेला असताना, फोनवर तिकडची सकाळची परेड लागायची. मैदानाबाहेर पडल्यावर बँड नाचाच्या चाली धरायचा. शिपाई ताठ, आणि दुतर्फा लोक नाचतायत. केल्विनही माझ्या ताक्यांमधून ताठ चालायचा, फक्त खांदे नाचायचे. "एकदा चल तिकडे," म्हणायचा. "दुकान तुझा आजा बघणार का?" मी म्हणायचो.

गेल्या वर्षी त्याने कापड इब्राहिमकडून घेतलं. मी खिडकीतून त्याच्या हातात इब्राहिमची पिशवी पाहिली. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, स्वस्त भावासाठी खाली गेलं! त्यात खालून बँडचा आवाज, मुद्दाम मोठा केलेला. मला डिवचतोय असं वाटून मी दार लावून घेतलं. पुढे त्याचे फोनही उचलले नाहीत.

केल्विन वारल्याची बातमी सांगून इब्राहिम तिथेच उभा राहिला. "गेल्या वर्षी परेडच्या दिवशी वरच येत होता तो," म्हणाला. "चौथ्या पायरीवर बसला. दम लागला होता. कापड मग माझ्याकडून घेतलं आणि परत तिथेच येऊन बसला. तुम्हाला सांगू नको म्हणाला, ताके घेऊन खाली-वर करत बसाल म्हणून. मग फोनचा आवाज वाढवला... तुम्हाला ऐकू जावा म्हणून."

राग अजून आहे. एक हाक मारायची होती त्याने. शिव्या देत का होईना, उतरलो असतो.

परवा यंदाची परेड झाली. तीन वाजता मी तिन्ही कापडं कापली, ती मांडीवर घेऊन चौथ्या पायरीवर बसलो, फोनवर परेड लावली. बँड मैदानाबाहेर पडला तसा आवाज मोठा केला. वरचं दार उघडंच ठेवलं होतं.