टाईलला भोक पाडू नका

सन दोन हजार तेवीस, मार्च महिना. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या माळ्यावर मी गुडघ्यांवर रांगत होतो. खालून माई ओरडत होत्या, "शामराव, गुढीची काठी तेवढी जपून काढा. बाकी काय फेकायचं ते फेका."

माई म्हणजे त्या घराच्या मालकीणबाई. वय अठ्ठ्याहत्तर. मालक वारलेले, मुलगा पुण्यात. संक्रांतीनंतर त्या बाथरूममध्ये घसरल्या. हाड वाचलं, पण मुलगा हटून बसला. घर सेफ करून घे, नाहीतर पुण्याला चल. माईंना पुण्याला जायचं नव्हतं. "घर नीट झालं तर इथंच राहीन, असं कबूल करून घेतलंय त्याच्याकडून," त्या म्हणाल्या. म्हणून मला बोलावलं.

मी मूळचा रंगारी. शाळा चौथीपर्यंत. उंच शिडीवरचं काम झेपेना तेव्हा घरसफाई धरली. आता त्याला डीप क्लीनिंग म्हणतात. पूर्वी पाडव्याआधी जळमटं काढणं म्हणायचे. काम तेच, फक्त वास वेगळा. सोबत आमची मंडळी असते, सखू. तिचा गुडघा दुखतो, पण तोंड चालू असतं.

माळ्यावर उंदरांच्या लेंड्या होत्या. तिथं कोरडा झाडू मारायचा नाही. ती धूळ छातीत जाते. पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून पुसून घ्यायचं. स्वयंपाकघरात गॅसची नळी वाळून तडकलेली होती, ती बदलायला लावली. हॉलमधला गालिचा उचलला. त्याचा कोपरा दुमडला की म्हातारं माणूस आडवं होतं. कपाटात मालकांच्या औषधांचा डबा निघाला. सगळ्या तारखा उलटलेल्या. माईंनी डबा हातात घेतला, जरा हलवून बघितला आणि स्वतःच कचऱ्याच्या पिशवीत टाकला.

राहिलं बाथरूम. फरशीवरचं शेवाळ घालवायचं तर लोक ॲसिड ओततात आणि वर ब्लिचिंग पावडर टाकतात. असं कधी करू नका. त्याचा धूर माणसाला उभा राहू देत नाही. मी नुसता सोडा आणि काथ्या घेतला आणि घासत बसलो. फरशी आरशासारखी झाली. आता रॉड बसवायचा. म्हणजे उठता-बसता धरायला भिंतीला लावतात ती स्टीलची नळी. माईंनी तो आधीच आणून ठेवला होता.

मुलाचा फोन आला. माईंनी फोन माझ्यापुढं धरला.

"शामराव, रॉड वगैरे काही लावू नका. टाईलला भोक पाडू नका."

"आवं सायेब, माई पडल्या त्या तिथंच. त्ये सोडून बाकी समदं करून काय उपेग?"

"सांगितलंय तेवढं करा. टाईल भारीतली आहे."

फोन बंद झाला. माझं डोकं तापलं. माझ्या हातून टाईल तडकेल असं त्याला वाटतंय, असा मी अर्थ घेतला. मी ड्रिल मशीन काढली.

"नगं म्हनत्यात न्हवं?" सखू म्हणाली. "मग कशाला?"

"माझ्या हाताला नाव ठेवतंय त्ये."

"आन आपल्या मोरीत माझा पाय सरकला, तवा कुठं गेला हुता ह्यो हात?"

"करू की."

"व्हय. मी मेल्याव करा."

माई खुर्चीवर बसून ऐकत होत्या. हसल्या. "शामराव, तुम्ही लावा. घर माझं आहे."

टाईलवर आधी चिकटपट्टी लावायची, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग हळू, अजिबात न ठोकता. टाईल पार झाली की मागच्या भिंतीत जोर लावायचा. भोकात गिट्टी बसवायची, म्हणजे स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची खुंटी. कुठं केसाएवढी चीर गेली नाही. माईंनी रॉड धरला, उठल्या, बसल्या, परत उठल्या. "आता येऊ दे त्याला," म्हणाल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो आला. साहेबाचं नाव अविनाश. सोबत एक जोडपं होतं. पाहुणे असतील म्हणून माईंनी चहा टाकला. मी व्हरांड्यात गुढीची काठी धुऊन उन्हात उभी करत होतो. जोडप्यातला माणूस भिंतीवर बोटं वाजवत फिरत होता. बाई नळ सोडून बघत होती. मग बाथरूममधून तिचा आवाज आला, "हा रॉड काढून देणार ना? आजारी माणसाचं घर वाटतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आईला इथं राहू द्यायचं असतं तर अविनाशनं रॉडची चौकशी केली असती. त्यानं टाईलची केली.

माई कपांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "अविनाश, कोण आहेत हे?"

"घर बघायला आलेत आई. आपण नंतर बोलू."

"तू म्हणालास, घर नीट झालं की मी इथंच..."

"नीट झालं म्हणूनच तर चांगलं गिऱ्हाईक आलं. तू सणाला चल, मुलं वाट बघतायत. मग बघू."

मी मध्ये पडलो. "सायेब, तुमी शब्द दिला हुता."

"शामराव, काम फार सुंदर केलंय तुम्ही. आता तो रॉड तेवढा काढा."

माझ्या कामाची इतकी वाईट तारीफ जन्मात कुणी केली नव्हती. रॉड मीच काढला. दुसऱ्यानं टाईल फोडली असती. व्हाइट सिमेंट भरून पुसून घेतलं. हात फिरवला तरी कळलं नसतं. रॉड पुढं केला तर माईंनी घेतला नाही. मुलाकडं न बघता म्हणाल्या, "सखूबाईंना लावा."

संध्याकाळी त्या गाडीत बसल्या. गुढीची काठी गाडीत मावेना. अविनाशनं ती आडवी-तिडवी करून बघितली आणि परत व्हरांड्यात टेकवली.

आता मी कामाला हात लावायच्या आधी एवढंच विचारतो, साफ झाल्यावर इथं राहणार कोण? काहींना राग येतो. येऊ दे.

माई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पाडवा. गल्लीत गुढ्या उभ्या राहिल्या होत्या. सखू आत पुरण वाटत होती. मी ड्रिल काढली आणि आमच्या मोरीच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं. आवाज ऐकून ती पुरणाच्या हातानं लंगडत आली.

"आवं, सणासुदीचं काय ह्ये?"

माईंचा रॉड बसवून मी शेवटचा स्क्रू आवळला. "धर," मी म्हटलं. "हालतोय का बघ."