कावळेशेठची दहा वर्षं

सलूनच्या पाटीवर मालकाचं नाव वेगळंच होतं, पण गिऱ्हाइकं त्याला कावळेशेठ म्हणत. पराचा कावळा करावा तर त्यानंच. रस्त्यात दोन सायकली घासल्या, तर एक दाढी होईपर्यंत त्याचा भीषण अपघात व्हायचा. गालाला फेस लावलेला माणूस उठूनही जाऊ शकत नाही. असा श्रोता मिळाल्यावर कोण आखडता हात घेईल? त्यात कुणाचं कधी वाईट मात्र झालं नव्हतं.

मग एका सकाळी बायको दुकानाच्या दारातच भोवळ येऊन पडली. मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "हा त्रास कधीपासून?" ती तोंड उघडणार तोच हा म्हणाला, "अहो, दहा वर्षं झाली! रोज उठून तेच!" डॉक्टरला थोडं वाढवून सांगावं, तेव्हा कुठे तो मान वर करतो, असा त्याचा सिद्धांत. डॉक्टरनं मान वर केलीच नाही. केसपेपरवर 'दहा वर्षं' लिहून तो मोकळा झाला.

तपासणीत हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं, आणि दुकान खुर्च्यांसकट विकलं असतं तरी खर्च भागला नसता. पण विमा होता. तीन वर्षांत त्यानं एक हप्ता चुकवला नव्हता. पॉलिसी देताना कंपनीनं बायकोची नाडीसुद्धा पाहिली नव्हती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र कंपनीला दहा वर्षांमागचं दिसायला लागलं. पत्र आलं: आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, तुम्ही तो लपवलात, सबब क्लेम नामंजूर.

त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. एकाचे कल्ले वरखाली झाले, दुसऱ्याच्या हनुवटीला वस्तरा लागला. तुरटी फिरवताना तो स्वतःशीच पुटपुटायचा, "जळो ही जीभ." शेवटी भर गर्दीच्या वेळी शटर ओढून तो विमा कंपनीच्या ऑफिसात गेला.

"मॅडम, ते दहा वर्षं खोटं आहे. मला वाढवून बोलायची सवय आहे. कुणालाही विचारा."

"म्हणजे आत्ताही वाढवूनच बोलताय?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

त्यानं हात जोडले. बाईला कीव आली असावी. "लेखी द्या," ती म्हणाली. "ओळखीच्या लोकांच्या सह्या आणा. मग आमचे डॉक्टर पेशंटशी फोनवर बोलतील."

सह्यांना काय तोटा! रिटायर झालेल्या हेडमास्तरांनी खुर्चीत बसूनच मजकूर सांगितला, 'सदर इसमाच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.' गिऱ्हाइकांनी हसत हसत सह्या ठोकल्या. भर दुकानात अब्रूचे धिंडवडे निघाले. त्याला लागलं, पण बायकोच्या जिवापुढे अब्रूचं काय घेऊन बसायचं.

फोन यायचा त्या दुपारी तो खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होता. बायको पलंगावर बसून दुकानातल्या टॉवेलांच्या घड्या करत होती.

"दारात पडलीस त्याला दोन महिने झाले, तेवढंच म्हण. खरं तेच सांगायचंय," तो चौथ्यांदा म्हणाला.

फोन वाजला. पलीकडून डॉक्टरनं विचारलं, "पहिली चक्कर कधी आली होती?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं दोन बोटं वर केली.

"दोन महिने झाले," ती शांतपणे म्हणाली. "त्याआधी कधीच नाही."

फोन बंद झाल्यावर त्यानं हातातला टॉवेल छताकडे उडवला. "सुटलो बाई, सुटलो!"

"धाकटीच्या बाळंतपणापासून येते," ती म्हणाली.

"काय?"

"चक्कर. जिना चढला की धापही लागते."

धाकटी सोळा वर्षांची होती. त्यानं खाली पडलेला टॉवेल उचलला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. संध्याकाळपर्यंत तुमच्या दुकानात मी मरून परत जिवंत झाले होते. शेजारच्या शिंप्यानं मला विचारलं, वहिनी, स्वर्ग कसा आहे? मग नाही सांगितलं." तिनं पुढचा टॉवेल ओढला. "आणि चक्कर म्हणजे आजार, हे मला तरी कुणी सांगितलं होतं? लपवायला आधी माहीत तर असायला हवं."

आठवड्याभरात मंजुरी आली. ऑपरेशनची तारीख ठरली. पेढे मागत गिऱ्हाइकं दुकानात जमली, आणि खुर्चीतून हेडमास्तरांनी विचारलं, "आता पैसे मंजूर झालेत, तर खरं सांगा कावळेशेठ. वहिनींना नक्की कधीपासून होता हो त्रास?"

वस्तरा गालावर थांबला. हे कुणाला सांगायचं नव्हतं. पण आठवडाभर ते त्याला झोपू देत नव्हतं.

"सोळा वर्षं," तो म्हणाला. "सोळा वर्षं ती जिन्यात मध्येच थांबायची, आणि मी बडबडत पुढे निघून जायचो."

सगळं दुकान खदखदून हसलं. "बघा, दहाचे सोळा झाले!" हेडमास्तर फेसातून म्हणाले. "आम्ही सह्या केल्या त्या काय उगाच?"

"खरंच सांगतोय मास्तर," तो म्हणाला, आणि त्यानं वस्तरा खाली ठेवला.

ते आणखी मोठ्यानं हसले.