खंडेनवमीला मांडलेला गेम

भाऊ गेल्यानंतर त्याचा गेम मी दर पौर्णिमेला चार्जिंगला लावत असे. पौर्णिमेचं आणि गेमचं काही नातं नाही. महिन्यातून एकदा तरी चार्ज केला नाही तर बॅटरी कायमची मरते, असं तो सांगायचा. आणि महिन्यातला एक दिवस लक्षात राहावा म्हणून मी पौर्णिमा धरली. वायर लावायची, कोपऱ्यातला नारिंगी दिवा लागला की नाही ते बघायचं, दोन तासांनी काढून साड्यांच्या घडीत ठेवायचा. चालू मात्र कधी केला नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. भीती वाटायची.

दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल अशी काळी वस्तू. मध्ये काच, दोन्हीकडे बटणं. भाऊ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा नांदेडला माझ्याकडेच राहायचा. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. त्यानं तो गेम वरच्या वर्गातल्या एका मुलाकडून जुना घेतला. तोवर कंपनीनं तो बनवणं सोडून दिलं होतं. सगळी दुनिया मोबाईलवर खेळायला लागली होती. त्याचं मेमरी कार्डसुद्धा वेगळंच होतं, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रात बसत नसे, आणि तेही मिळेनासं झालं होतं. मी म्हणायचे, "मेलेल्या वस्तूला काय कवटाळून बसतोस?"

"मेली न्हाई ताई," तो मान वर न करता म्हणायचा. "मारलीय तिला. फरक हाय."

त्याच्यासारखे आणखी वेडे होते. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. दर रविवारी प्रत्येकानं आपापल्या चालू गेमचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, "जिवंत." पुण्याचा कुणी, कोल्हापूरचा कुणी. तो गेल्यावर त्याचा फोन माझ्याकडे आला, आणि मी तो ग्रुप नुसता वाचत राहिले. रविवारचे फोटो कमी होत गेले. "विकणे आहे" असे निरोप वाढले. एकानं काळ्याठिक्कर काचेचा फोटो टाकला आणि खाली काहीच लिहिलं नाही. भाऊ गेलाय हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. मी कळवलं नव्हतं.

तो एकच खेळ खेळायचा. त्यात एक गाव वसवायचं असतं. घरं बांधायची, झाडं लावायची. त्यानं गावाभोवती कंधारच्या किल्ल्यासारखा खंदक खणला होता आणि त्याचं त्याला फार कौतुक होतं. गावातल्या माणसांनी काय बोलायचं, ते खेळणाऱ्यानं स्वतः लिहून ठेवायचं. त्यानं आमचंच घर तिथं नेऊन ठेवलं होतं. फाटकापाशी आई, खंदकापलीकडच्या घरात मी. आम्ही दोघी काय काय बोलतो ते त्यानं इंग्रजी अक्षरांत, पण आमच्याच बोलीत लिहिलं होतं. हा खेळ यंत्रातल्या घड्याळावर चालायचा. इथं दिवस तर तिथं दिवस. चार दिवस फिरकलं नाही तर गावात गवत माजायचं, आणि माणसं विचारायची की इतके दिवस होतास कुठे.

"माझी बाई काय बोलते रे?" मी एकदा विचारलं होतं.

"ये की बघायला. पाच मिनिटं लागतेत."

माझ्या हातात पुस्तक होतं. मी म्हटलं, नंतर.

आमच्याविषयीची त्याची एवढीच अक्षरं आता उरली होती, आणि ती त्या एका कार्डावर, त्या एका यंत्रात होती. म्हणून पौर्णिमा. आणि म्हणूनच चालू करायची भीती. चालू झालाच नाही तर? चालू केला नाही तोवर ते गाव आहे असं धरून चालता येत होतं.

यंदा श्रावणातल्या पौर्णिमेला गेम बाहेर काढला तर तो टेबलावर सरळ बसेना, डुगडुगायला लागला. उलटा करून पाहिला. पाठीमागचं झाकण फुगून वर आलं होतं. नांदेडमधल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर तिथल्या माणसानं हातसुद्धा लावला नाही. "बॅटरी फुगली ताई. कधी पेट घेईल नेम न्हाई. आन् ह्याची दुसरी बॅटरी कुठं मिळणार? टाकून द्या."

त्या दिवसापासून मी तो स्टीलच्या डब्यात ठेवू लागले. चार्ज करायला घाबरू लागले आणि न करायलाही. कॉलेजात असताना मनात यायचं की घरी कपाट जळत असेल. दसऱ्याला लातूरला आईकडे निघाले तेव्हा तो घरी ठेवायचा धीर झाला नाही. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "करंज्या का गं?" मी हो म्हटलं. ती उतरेपर्यंत डब्याकडे बघत होती. मी उघडला नाही म्हणून तिला राग आला असावा.

आई लातूरला एकटी राहते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ दसऱ्यानंतर गेला आणि पुढचं सबंध वर्ष आम्ही एकही सण केला नाही, त्यामुळे हा त्याच्यामागचा पहिला दसरा होता. खंडेनवमीला सकाळी मी झेंडूची फुलं आणायला गेले. परत येऊन बघते तर आईनं पाट मांडून पूजा उरकली होती. विळी, शिलाई मशीनची कात्री, वडिलांचा पाना, स्कूटीची किल्ली, माझं पेन. आणि मधोमध, माझ्या पिशवीतल्या डब्यातून काढलेला, गेम. त्याच्या काचेवर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली. एक ओघळ खाली उतरून कार्डाच्या खाचेत शिरला होता.

"आई, पाणी घातलंस ह्याच्यावर?"

"घातलं न्हाई. फुलानं शिंपडलं. सगळ्यावरच शिंपडलं की. त्याचं हत्यार हाय ते."

मी हात पुढे केला. आईनं माझं मनगट धरलं. तिची पकड इतकी घट्ट असेल असं मला वाटलं नव्हतं.

"उचलायचं न्हाई. उद्या पूजा हलवूस्तोवर न्हाई."

मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, जागेवरून हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत मला नवी नव्हती. त्या दिवशी आमच्याकडे भाजी चिरायचीसुद्धा पंचाईत असते. पण हे वेगळं होतं.

"आई, आत बॅटरी आहे. ती फुगलीय. पाणी गेलं तर सगळं जाईल. पेटेलसुद्धा."

"पेटू दे."

"अगं, तू काय बोलायलीस?"

आई खाली बसली. माझं मनगट तिनं सोडलं नव्हतं. पाटाकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "त्या वर्षी त्यानं उचलला होता. दुपारी. मी झोपले असं वाटलं त्याला. मी बघितलं आन् गप बसले. म्हटलं, खेळू दे लेकराला, काय होतंय. दिवाळी न्हाई बघितली त्यानं."

दोन वर्षं ती हे घेऊन एकटी राहत होती. त्याला काय झालं होतं ते मला माहीत आहे. मी सगळे रिपोर्ट वाचलेत. डास, ताप, रक्तातल्या पेशी. ग्रंथालयात बसून त्या तापावर जे मिळेल ते मी वाचून काढलं आहे. हे तिला नीट सांगायला हवं होतं. ते सोडून मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गेमकडे बघितलं, आणि मला जाणवलं की आता मीही तो उचलू शकणार नाही. मी उचलला आणि दिवाळीच्या आत हिला काही झालं तर? मी शिकलेली आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण हात पुढे गेला नाही.

मी आतल्या खोलीत जाऊन भावाचा फोन काढला आणि ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं, "गेममध्ये पाणी गेलंय. बॅटरी फुगलेली आहे. काय करावं?"

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. "अरे भावा!! जिवंत आहेस होय!" मागोमाग दुसरं, "होतास कुठे रे दोन वर्षं? आम्ही आशा सोडली होती." तिसऱ्यानं नुसतेच फटाके पाठवले.

मी फोन पलंगावर उलटा टाकला. भाऊ शेजारच्या खोलीत आहे आणि हे लोक त्याच्याशी बोलतायत, असं क्षणभर वाटलं. जरा वेळानं सरळ करून पाहिला तर सूचना येऊन पडल्या होत्या. चालू करू नकोस. चार्जिंगला लावू नकोस. आणि कोल्हापूरच्या मुलाचं, तीनदा लिहिलेलं, "आत्ताच्या आत्ता बॅटरी काढ." मी "बरं" एवढंच लिहिलं. त्यांना बाकीचं सांगायचं धाडस झालं नाही.

बॅटरी काढायची तर गेम उचलायला हवा होता. मी टेबलफॅन आणला, पाटासमोर ठेवला आणि चालू केला. फुलं उडाली, अक्षता भिंतीपर्यंत गेल्या. आईनं फुलं गोळा करून विळीखाली दाबून ठेवली. मग आम्ही दोघी तिथंच बसलो. जेवलोसुद्धा तिथंच, पाटाकडे तोंड करून. मी दर थोड्या वेळानं वाकून वास घ्यायची, जळकं काही येतंय का म्हणून. उदबत्तीशिवाय काही येत नव्हतं. शेजारीण डोकावून म्हणाली, "देवाला उकडायलंय का हो?" आई म्हणाली, "हाव, लई."

दुसऱ्या दिवशी आईनं अक्षता टाकून पाट हलवला आणि गेम स्वतः उचलून माझ्या हातात दिला. काचेआड धुकं धरलं होतं. दसरा म्हणून दुकानं बंद होती. तो दिवस मी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गंजगोलाईजवळ एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. छोटंसं दुकान, रेडिओ, रिमोट, मोबाईल, सगळं एकात एक घुसलेलं.

त्यांनी झाकण काढलं, प्लास्टिकच्या पट्टीनं जपून बॅटरी सोडवली आणि दाराबाहेर वाळूच्या डब्यात नेऊन पुरली. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतून फिरवला. बोळा लाल झाला. आईनं तोंड फिरवलं.

"कुंकू का?" त्यांनी विचारलं. "सकाळपास्नं हा चौथा नग. दोन मोबाईल आन् एक इस्त्री होऊन गेली. लोकांचा दसरा झाला की आमची दिवाळी."

मी विचारलं, "कार्ड राहिलं असेल का?"

"ते बघितल्याशिवाय कसं कळावं? बॅटरी न्हाई, सरळ वायरवर लावतो. लाईट गेली की हेही जाणार. ह्याचा एकपण पार्ट आता मिळत न्हाई ताई. मला ह्याचा शेवटचा नग बघून लई वर्षं झाली." मग वायर हातात घेऊन, "लावू का?"

आई म्हणाली, "लावा."

काच उजळली. दोन वर्षांनी तो प्रकाश पाहिला. बॅटरी काढल्यामुळे यंत्राचं घड्याळ पुसलं गेलं होतं. ते तारीख विचारत होतं. दुरुस्तीवाल्यांचा अंगठा बटणाकडे गेला तशी मी जवळजवळ ओरडलेच, "थांबा!"

त्यांनी गेम माझ्याकडे दिला. मी वर्ष दोन वर्षांपूर्वीचं लावलं. महिना तेव्हाचा लावला. भाऊ शेवटचा कधी खेळला ती तारीख मला पाठ आहे. तिच्या पुढच्या दिवसाची टाकली तर त्या गावाला वाटणार होतं की हा कालच येऊन गेलाय.

"काय विचारायलंय?" आई म्हणाली.

"तारीख."

"मग टाक की आजची."

"आजची टाकली तर गावात गवत माजलेलं दिसेल आई. ती माणसं विचारतील, इतके दिवस कुठे होतास."

आई म्हणाली, "माजू दे. माजलंच हाय की."

मी वर्ष पुढे आणलं. महिना, दिवस. बटण दाबलं. कार्ड वाचत असल्याची खूण गोल गोल फिरू लागली. दुकानातला पंखा एकदा मंदावला, आणि आम्ही तिघांनीही वर बघितलं. तो पुन्हा वेग घेऊन फिरायला लागला.

आणि गाव आलं. कमरेइतकं गवत. खंदक दिसतच नव्हता. फाटकापाशी एक छोटी बाई उभी होती, निळं लुगडं नेसलेली. तिच्या डोक्यावर ओळ उमटली.

"कोण गं ही?" आईनं विचारलं.

"तू."

"काय म्हणायली?"

मला वाचता येईना. डोळे पुसून पुन्हा बघितलं. "जेवलास का, म्हणते."

खाली दोन चौकटी होत्या, हो आणि नाही. एक निवडल्याशिवाय ती बाई जागची हलणार नव्हती. माझा अंगठा मध्येच थांबला. काय निवडावं ते मला कळेना.

"हाव म्हण," आई म्हणाली. "तिला कशाला घोर लावतीस?"

मी हो दाबलं. बाई बाजूला झाली, फाटक उघडलं. "खंदकापलीकडे माझं घर केलंय त्यानं," मी आईला म्हटलं.

दुरुस्तीवाले म्हणाले, "चालतंय ताई. आता बंद करू का? लाईटचा भरवसा न्हाई."

"थांबा जरा," आई म्हणाली आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. "पलीकडं हिचं घर हाय. तिथवर जाऊन येऊ द्या."

मी पंख्याकडे बघितलं. मग एकेक बटण दाबत गवत कापायला लागले.