फोनवरचा यतीन

प्रल्हाद मेश्राम मूळचा नागपूरचा, अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनो शहरात एका कंपनीत टीम लीड. फोनवर मुलाखती घ्यायचं काम त्याच्याच गळ्यात पडलेलं. मागे एकदा त्याची फसगत झाली होती. मुलाखत दिली एकाने आणि कामावर हजर झाला दुसराच! ऑफिसात शोभा झाली ती प्रल्हादची. तेव्हापासून तो उत्तरांइतकंच, माणूस बोलताना कुठे अडतो तेही कान देऊन ऐकायचा.

२००५च्या उन्हाळ्यात त्याने पुण्याच्या यतीनला निवडलं. फोनवर यतीनचं इंग्रजी अडखळतच चाललं होतं. 'द' म्हणायचा, मग 'अं... अं...', मग पुढचा शब्द. पण उत्तरं चोख होती.

पहिल्याच दिवशी डबे उघडल्यावर गप्पा मराठीत सुरू झाल्या आणि प्रल्हादचा घास हातातच राहिला. हा यतीन सुसाट बोलत होता. अडलाच तर, "त्या सर्व्हरलाऽऽ... आपलं हे केलं, रीस्टार्ट." 'अं' औषधालाही नाही. मीटिंगमध्ये मात्र तोंड उघडायला तयार नव्हता, त्यामुळे त्याचं इंग्रजी ऐकायलाच मिळेना.

"शेवटचा प्रश्न काय विचारला होता रे मी, फोनवर?" प्रल्हादने सहज विचारल्यासारखं केलं.

"काही आठवत नाही बुवा," यतीन हसला. "इतका टेन्शनमध्ये होतो!"

प्रल्हादला ते हसणं खटकलं. फोनवर बोलला तो हा नव्हेच, असा संशय त्याने लगेच मॅनेजरच्या कानावर घातला. खात्री करून घे, नाहीतर परत पाठवू, असं उत्तर मिळालं.

वीणा, प्रल्हादची बायको, युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्र शिकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "आवाज तोच आहे का?"

"फोनवर कुणाचा आवाज कळतोय धड!"

"मग शनिवारी जेवायला बोलव. मला अभ्यासाला दोन्ही भाषांतलं बोलणं हवंच आहे."

शनिवारी वीणाने यतीनची परवानगी घेऊन रेकॉर्डर लावला. "इथे पहिल्यांदा हायवेवर ड्राइव्ह केलंस ते सांग. आधी मराठीत, मग इंग्रजीत."

मराठीत तो भरधाव सुटला. "समोरच्या ट्रकलाऽऽ... हे केलं ना, ओव्हरटेक..." मग इंग्रजी सुरू झालं आणि तिसऱ्याच वाक्याला 'द... अं... ट्रक' आलं. प्रल्हादने चमकून पाहिलं. हाच तो!

स्वयंपाकघरात वीणा हळू आवाजात म्हणाली, "इंग्रजीत 'द' नामाच्या आधी येतो. तो टाकायचा आणि पुढचा शब्द शोधत थांबायचं. आपल्याकडे 'ला', 'ने' मागून चिकटतात, क्रियापद तर पार शेवटी. मग आपण शेपूट ताणतो, नाहीतर 'हे' घालून वेळ काढतो. माणूस तोच असतो."

"पण नक्की ना?"

"अजून संशय आहे?"

"कसला संशय?" ताट ठेवायला आलेला यतीन दारात उभा होता.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रल्हादने सगळं सांगितलं.

"मॅनेजरलाही सांगितलंत?"

"हो. सोमवारी सांगतो, चूक माझी होती म्हणून."

यतीनने ताट ओट्यावर ठेवलं. "जेवण छान होतं, वीणाताई," एवढंच म्हणून तो निघाला.

सोमवारी प्रल्हादने शब्द पाळला. यतीनची नोकरी शाबूत राहिली. दुपारी त्याला हाक मारली, "जेवायला येतोस ना?"

यतीनने स्क्रीनवरून नजर न काढता इंग्रजीत उत्तर दिलं, की काम आहे. पुढे दुसऱ्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जाईपर्यंत तो त्याच टीममध्ये होता. सगळ्यांशी मराठीत हसायचा, खिदळायचा. प्रल्हादशी मात्र इंग्रजीतच बोलला.